जाताना काटकसर, येताना मोकळीक



मागच्या रविवारी विहारातली वंदना आटोपल्यावर ताईने मला बाजूला घेतले. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, इंग्लंडात एका इस्पितळात नर्स आहे. जावईही तिकडेच नोकरीला. ताईच्या हातात मोबाईल होता आणि कपाळावर आठी. म्हणाली, "भाऊ, ही पोरगी पुन्हा त्या कुत्र्याला मोटारीत घालून जर्मनीला निघालीय. मागच्या साली एवढी फजिती झाली, तरी शहाणपण नाही. या खेपेला तर तिकिटाला जास्तीचे पैसे मोजते म्हणते. तूच सांग तिला. तू हिशोबातला माणूस."

मी म्हणालो, "ताई, आधी हिशोब मांडू. मग कोण चुकते ते ठरवू."

त्या रात्री भाचीशी फोनवर तासभर बोललो आणि सगळे कागदावर उतरवले. ताईला जे सांगितले तेच आज या सदरात देतो. कारण आपल्या चाळीतली, वस्तीतली मुले आता शिकून परदेशी जात आहेत. आज ताईच्या घरात आलेला प्रश्न उद्या तुमच्या घरात येईल. कुत्रा नसला, तरी तिकिटाचा हिशोब तोच आहे.

आधी मागच्या साली काय झाले ते ऐका. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी आहे. शाळेच्या भूगोलात आपण तिला इंग्लिश खाडी म्हणून शिकलो. भाची आणि जावई मोटारीने ही खाडी ओलांडून गेले होते. परतीचे तिकीट शनिवारी दुपारी तीनचे, अगदी स्वस्तातले, त्याच वेळेला बांधलेले. ब्रिटनमध्ये कुत्रा परत आणायचा, तर त्याला जनावरांच्या डॉक्टरकडून जंतांचे औषध द्यावे लागते. पट्टीसारखे लांब जंत असतात त्यांच्यावरचे हे औषध. ते ब्रिटनमध्ये शिरण्यापूर्वी किमान २४ तास आणि जास्तीत जास्त १२० तास आधी दिलेले पाहिजे. डॉक्टर दाखल्यावर तारीख आणि वेळ दोन्ही लिहितो. भाचीने शुक्रवारी सकाळी दहाची वेळ घेतली होती. डॉक्टरला तातडीचे काम निघाले आणि औषध मिळाले संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. शनिवारी दुपारी ही मंडळी बंदरावर पोहोचली, तेव्हा तिथल्या बाईने कागद पाहून शांतपणे सांगितले, "२४ तास झालेले नाहीत. सहा-दहानंतर या."

तीनची फेरी गेली, तिकीटही गेले. रात्री उशिराच्या फेरीचे नवे तिकीट चढ्या दराने घ्यावे लागले. घरी पोहोचेपर्यंत पहाट झाली. सकाळी सातला ड्युटी. रात्रभर जागलेल्या नर्सने रुग्णांची औषधे हाताळणे बरे नव्हे, म्हणून तिने फोन करून तसे कळवले. तो दिवस बिनपगारी गेला. नोकरी नवी, प्रोबेशनवरची. पुढचे पंधरा दिवस पोरगी जीव मुठीत धरून कामाला जात होती.

ती मला म्हणाली, "मामा, यात चूक कोणाची?" मी म्हणालो, "बाई, डॉक्टरचीही नाही आणि त्या खिडकीवरच्या बाईचीही नाही. तुम्ही औषधाची वेळ एका वहीत लिहिली आणि तिकिटाची दुसऱ्या वहीत. दोन्ही एकाच पानावर लिहिल्या असत्या, तर मध्ये जागा उरलेली नाही हे आधीच दिसले असते."

आता मार्ग समजून घेऊ. कुत्रा घेऊन खाडी ओलांडायची, तर मोटार हाच सोयीचा रस्ता. लंडनहून पॅरिसला जाणाऱ्या युरोस्टार रेल्वेत पाळीव कुत्रा नेता येत नाही. अंध व्यक्तींना वाट दाखवणाऱ्या आणि अशाच मदतनीस कुत्र्यांपुरता अपवाद आहे. मोटारीसाठी दोन प्रकार आहेत. पहिला बोगद्याचा. हा बोगदा ६ मे १९९४ रोजी समारंभाने खुला झाला. लांबी सुमारे ५० किलोमीटर, त्यापैकी ३८ किलोमीटर समुद्राच्या तळाखाली. इंग्लंडातल्या फोकस्टन इथे मोटार रेल्वेच्या डब्यात चढते आणि साधारण ३५ मिनिटांत फ्रान्समधल्या कॅलेला उतरते. माणसे आणि कुत्रा आपल्याच मोटारीत बसून राहतात. दुसरा प्रकार बोटीचा. डोव्हर ते कॅले बोटीला सुमारे दीड तास लागतो. डोव्हरहून डंकर्कला आणि न्यूहेवनहून दिएपलाही बोटी जातात. बोट चालू असताना माणसांना मोटारींच्या मजल्यावर थांबू देत नाहीत. म्हणून कुत्रा मोटारीत आणि मालक वर, अशी जुनी पद्धत आहे. काही बोटींवर आता कुत्र्यासह बसण्याची वेगळी खोली असते. लांबच्या रात्रीच्या फेऱ्यांत कुत्र्यासाठी राखलेल्या केबिनही मिळतात, पण त्या मोजक्या असतात आणि लवकर संपतात. म्हातारा किंवा घाबरट कुत्रा असेल, तर बोगदा बरा.

आता कागदपत्रे. पूर्वी बाहेरून ब्रिटनमध्ये येणाऱ्या कुत्र्याला सहा महिने क्वारंटाईनमध्ये ठेवत. कारण रेबीज, म्हणजे कुत्रा पिसाळण्याचा रोग. तो रोग त्या देशाने १९२२ मध्ये हद्दपार केला होता आणि पुन्हा आत येऊ द्यायचा नव्हता. २००० साली नियम बदलला. मायक्रोचिप, लस आणि कागद असले की कुत्र्याला थेट घरी नेता येऊ लागले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनने दिलेले पाळीव प्राण्यांचे जुने पासपोर्ट युरोपात चालेनासे झाले. त्याऐवजी दर प्रवासाला आरोग्याचा नवा दाखला आला. तो युरोपात शिरण्यापूर्वीच्या १० दिवसांत अधिकृत डॉक्टरकडून घ्यायचा. बऱ्याच ठिकाणी त्याची फी शंभर पौंडांच्या वर जाते. आधी चिप, मग रेबीजची लस, आणि पहिल्या लसीनंतर २१ दिवस थांबणे, हा क्रम चुकवून चालत नाही. मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघ यांनी हे जाच कमी करण्याचे जाहीर केले. म्हणून निघण्यापूर्वी त्या वेळचा नियम डॉक्टरला आणि तिकीट देणाऱ्या कंपनीला विचारून घ्यावा. शेजाऱ्याने मागच्या साली काय केले, यावर विसंबू नये.

आता मुख्य मुद्दा तिकिटाचा. तिकडे 'फ्लेक्सिबल' म्हणून तिकीट विकतात. आपण त्याला मुभेचे तिकीट म्हणू. पण मुभा एकाच प्रकारची नसते. पैसे भरण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, वेळ बदलता येते का? बऱ्याच तिकिटांवर येते. पण बदल सुटण्याच्या वेळेआधीच करावा लागतो आणि नव्या फेरीचे भाडे जास्त असेल, तर वरचा फरक भरावा लागतो. "बदलाची फी नाही" एवढे वाचून खुश होऊ नये. फी नसली तरी फरक असतोच.

दुसरा प्रश्न, न कळवता लवकर किंवा उशिरा आलो, तर पुढच्या फेरीत घेतात का? काही तिकिटांवर ठरलेल्या वेळेच्या मागेपुढे काही तासांची मुभा असते. सर्वात महागड्या तिकिटावर त्या दिवशी केव्हाही या, जागा असेल त्या फेरीत चढा, अशी सोय असते.

तिसरा प्रश्न, बेत रद्द झाला तर पैसे परत मिळतात का? ही बाब वरच्या दोन्हींपेक्षा वेगळी. वेळ बदलता येणारे तिकीट परत घेतलेच जाईल असे नाही.

शिवाय कुत्र्याची नोंद तिकिटावर आधीच करावी, त्याचे भाडे वेगळे असते. फेरी बदलली, तर नव्या फेरीत कुत्र्यालाही जागा आहे ना, हे विचारावे. माणसाची मुभा कुत्र्याला आपोआप लागू होतेच असे धरू नये. थोड्या दिवसांच्या मुक्कामाची स्वस्त परतीची तिकिटे मिळतात, त्यांतही मेख असते. मुक्काम लांबला की स्वस्ताई संपते आणि वरचे पैसे भरावे लागतात.

आता वही उघडू. खालचे आकडे केवळ हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. खरे भाडे दिवसागणिक आणि तासागणिक बदलते. समजा एका बाजूचे साधे तिकीट १०० पौंड आणि मुभेचे १४० पौंड. म्हणजे मोकळीकीची किंमत ४० पौंड. फेरी चुकली, तर ऐनवेळचे नवे तिकीट १५० पौंड, जेवणखाण आणि मुक्काम ८० पौंड, बुडालेला एक दिवसाचा पगार १२० पौंड. एकूण ३५० पौंड. आता ३५० ला ४० ने भागा. उत्तर जवळजवळ नऊ. अर्थ असा की नऊ फेऱ्यांत एकापेक्षा जास्त वेळा चुकण्याचा संभव असेल, तर मुभेचे तिकीट परवडते. संभव त्याहून कमी असेल, तर साधे तिकीट परवडते.

मग भाचीला विचारले, "जाताना चुकण्याचा संभव किती?" घरातून निघायचे, रस्ता पायाखालचा, हातात अख्खा दिवस. वीस वेळात एखादी फेरी चुकेल. म्हणजे ३५० पौंड वाचवायला २० वेळा ४० पौंड, एकूण ८०० पौंड भरायचे. हा आतबट्ट्याचा धंदा. जाताना साधे तिकीट घ्यावे आणि दोन तास लवकर निघावे.

येतानाची गोष्ट निराळी. कॅलेपर्यंत चारशे किलोमीटरहून जास्त परका रस्ता, ब्रसेल्सच्या आसपासची वाहतूक, कुत्र्याचे कागद तपासणारी वेगळी खिडकी, आणि त्यानंतर पासपोर्टची रांग. त्या बंदरांवर दोन्ही देशांची पासपोर्ट तपासणी खाडी ओलांडण्यापूर्वीच होते. म्हणजे रांगेत अडकलात, तर फेरी तुमच्या डोळ्यांदेखत निघून जाते. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात बाहेरच्या देशांच्या प्रवाशांची बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन नोंद करणे सुरू झाले. त्यामुळे वेळेचा अंदाज आणखी अवघड. त्यात फ्रान्सचे घड्याळ इंग्लंडच्या घड्याळाच्या एक तास पुढे. परतीचे तिकीट तिथल्या घड्याळाप्रमाणे असते आणि औषधाची नोंदही. मोटारीतले घड्याळ मात्र इंग्लंडच्याच वेळेवर राहिलेले असते. अशा प्रवासात चार वेळांत एकदा चुकणे काही नवल नाही. चार वेळा ४० म्हणजे १६० पौंड भरून ३५० पौंड वाचतात. इथे मुभेचे तिकीट घ्यावे. जाण्याचे आणि येण्याचे भाडे वेगवेगळे काढून पाहावे, एकत्रही पाहावे, मग ठरवावे.

पण पैसे देऊन मोकळीक घेण्याआधी फुकट मिळणारी मोकळीक घ्या. २४ आणि १२० यांचा मध्य किती? ७२ तास. म्हणजे परतीच्या वेळेच्या बरोबर तीन दिवस आधी औषध दिले, तर अलीकडे ४८ तास आणि पलीकडे ४८ तास शिल्लक राहतात. डॉक्टरला उशीर झाला, रस्ता अडला, तरी घाबरायचे कारण नाही. मागच्या साली भाचीने पहिल्या काठावरची वेळ धरली आणि काठ निसटला. याला एक पैसाही लागत नाही. लागते ते फक्त कॅलेंडर. मुक्काम पाच दिवसांच्या आतला असेल, तर निघण्यापूर्वी इंग्लंडातच औषध देता येते. मात्र परत शिरताना त्या औषधाला २४ तास झालेले आणि १२० तास न उलटलेले पाहिजेत.

हेही ध्यानात ठेवा की मुभेच्या तिकिटालाही कुंपण असते. भाचीकडे भारतीय पासपोर्ट आहे. तिला युरोपात फिरायला शेंगेन व्हिसा लागतो. व्हिसाची तारीख संपली, की तिकिटाची मुभा काही कामाची नाही. औषधाचे १२० तास हे दुसरे कुंपण आणि मंजूर झालेली रजा हे तिसरे. कागद चुकले, तर कुत्र्याला प्रवेश नाकारला जातो किंवा चार महिन्यांपर्यंत क्वारंटाईनमध्ये ठेवले जाते, तेही आपल्या खर्चाने. म्हणून मी भाचीला एकाच पानावर चार रकाने आखायला सांगितले. व्हिसा, दाखला, औषध, रजा. चारही रकान्यांत जे दिवस सामाईक येतात, तेवढीच आपली खरी मोकळीक.

आणखी एक गोष्ट कामगारांच्या घरात कळायला हवी. उशीर आपल्याकडून झाला, तर तिकिटाची मुभा उपयोगी पडते. पण बोटीची फेरी कंपनीनेच रद्द केली, तर सर्वात स्वस्त तिकीटवाल्यालाही हक्क आहे. दुसऱ्या फेरीने न्या किंवा पैसे परत द्या, असे तो मागू शकतो. १७ मार्च २०२२ रोजी पी अँड ओ फेरीज या कंपनीने एका ध्वनिमुद्रित चित्रफितीतून ७८६ खलाशांना कामावरून कमी केल्याचे कळवले. डोव्हर-कॅलेच्या त्यांच्या बोटी काही आठवडे बंद पडल्या आणि ईस्टरच्या सुट्टीत हजारो मोटारी रस्त्यावर अडकल्या. अशा वेळी प्रवाशाने खिडकीवरच्या कर्मचाऱ्यावर चिडू नये. तोही पगारी माणूस. आपला हक्क मात्र लेखी मागावा आणि पावती जपून ठेवावी.

हे सगळे मी ताईला समजावले. हिशोब तिला पटला. पण मूळ दुखणे वेगळेच होते. ती म्हणाली, "भाऊ, चवदार तळ्यावर कुत्र्या-मांजरांना पाणी चालत होते, आपल्याला नव्हते. आपल्या आजीने हे सोसले. आणि आपली पोर कुत्र्याचे तिकीट काढते. मला नाही बाई सोसत."

मला क्षणभर उत्तर सुचले नाही. मग मी तिला भाचीने कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. पहिल्या वर्षी त्या गावात तिच्याशी कोणी बोलत नव्हते. शेजारची म्हातारी बाई वृद्धाश्रमात गेली आणि तिचा कुत्रा उघड्यावर पडला. भाचीने तो घरी आणला. त्याला फिरवायला बाहेर पडू लागली, तेव्हा रस्त्यावरची माणसे थांबून बोलू लागली. आज तिला अडीनडीला हाक मारायला त्या गल्लीत चार घरे आहेत. ती सगळी कुत्र्यामुळे जोडलेली.

"आणि ताई," मी म्हणालो, "महाडचा सत्याग्रह १९२७ चा. फेब्रुवारी १९३४ मधला राजगृहातला बाबासाहेबांचा फोटो आपल्या प्रत्येक घरात आहे. रमाई आहेत, यशवंतराव आहेत, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव आहेत. त्या फोटोत त्यांचा लाडका टॉबी कुत्राही आहे. तळ्यावर पाणी प्यायला तो कुत्र्याचा दोष नव्हता. माणसाला त्याच्या खाली ठेवणाऱ्यांचा दोष होता. बाबासाहेबांनी हा फरक ओळखला होता. आपल्या पंचशीलातले पहिले शीलही प्राण्यांना वगळून नाही."

ताई गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, "जर्मनीला जातायत तरी कशाला?"

ते तिला ठाऊकच नव्हते. १९२० ते १९२३ च्या लंडन मुक्कामाच्या काळात बाबासाहेबांनी जर्मनीतल्या बॉन विद्यापीठातही नाव घातले होते. भाची-जावयाला ते विद्यापीठ पाहायचे आहे. लहानपणी, १९०१ साली, बाबासाहेब भावंडांबरोबर वडिलांच्या नोकरीच्या गावी निघाले होते. ते मसूर स्टेशनावर उतरले, पण येत असल्याचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. जात कळताच गाडीवान नेईनात. शेवटी दुप्पट भाडे कबूल केले आणि बैलगाडी पोरांनी स्वतः हाकली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवले आहे. त्या पोरांना दुप्पट पैसे मोजूनही धड गाडी मिळाली नाही. आज आपली पोर चाळीस पौंड जास्त मोजते आणि तिकिटाच्या खिडकीवर तिला कोणी जात विचारत नाही. मग ते पैसे डोके ठेवून मोजायचे, एवढेच आपल्या हातात आहे.

दुसऱ्या दिवशी भाचीचा निरोप आला. जातानाचे साधे तिकीट, येतानाचे मुभेचे, औषध परतीच्या तीन दिवस आधी, आणि परतल्यावर ड्युटीपूर्वी एक पूर्ण दिवस मोकळा. खाली तिने लिहिले होते, "मामा, चारही रकाने जुळले. आईला सांगा."

मी सांगण्याआधीच ताईचा फोन आला. विचारत होती, "अरे, त्या कुत्र्याला प्रवासात प्यायला पाणी घेतात ना बरोबर?"

जयभीम. नमो बुद्धाय.